पाटोळ्यांनी पाडलेला बर्फ

कुवेतात बर्फ पडत नाही, हे शमुवेलराव पाटोळ्यांना चांगलं ठाऊक होतं. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावीही तो कधी पडला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी, लग्नातल्या सरबतात आणि इस्पितळात सुजलेल्या घोट्यांवर. तरीही चर्चच्या मंडळीच्या बैठकीत, चहाचा कप हातात असताना, त्यांच्या तोंडून निघून गेलं की यंदा नाताळच्या नाटकात बर्फ पाडू या.

बैठक होती डिसेंबर एक्याण्णवच्या दुसऱ्या शुक्रवारी. इराकशी लढाई होऊन गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. पूर्वी मराठी मंडळीत साठेक घरं होती, त्यातली एकोणीस परत आली होती. त्या एकोणीस घरांतही वाद घालायला पुरेशी माणसं निघतात हे पाहून पाळकसाहेबांना आनंदच झाला होता.

शमुवेलरावांचं मंडळीतलं काम ठरलेलं होतं. उपासना संपली की खुर्च्या उचलून भिंतीला लावायच्या. लढाईचं वर्ष सोडलं तर गेली पाच वर्षं त्यांनी या कामात खंड पडू दिला नव्हता. सेक्रेटरी महादेवराव त्यांना हाक मारत तीसुद्धा "शमुवेल, खुर्च्या" अशी, जणू ते त्यांचं संपूर्ण नाव असावं. त्यामुळे शमुवेलराव बैठकीत बोलले तेव्हा एखादी खुर्चीच बोलली असावी तसे सगळे वळून पाहायला लागले.

बर्फ त्यांच्या डोक्यात आला कुठून, ते त्यांनी बैठकीत सांगितलं नाही. आदल्या दिवशी त्यांनी आपल्या आठ वर्षांच्या अक्षदाची चित्रकलेची वही उघडली होती. घर, झाड, मांजर, समुद्र, सगळं जिथल्या तिथे होतं, आणि प्रत्येक पानावरचं आकाश काळ्या खडूने रंगवलेलं होतं. लढाईत पेटलेल्या तेलविहिरींचा धूर थांबून महिना उलटला होता. पण शाळा सुरू झाली म्हणून पोर परत आली तेव्हा आकाश काळंच होतं, गच्चीवर काळंच पडायचं, आणि आकाशाचा रंग हाच, असं तिने साध्या मनाने ठरवून टाकलं होतं. काळा खडू संपत आला म्हणून नवा आणा, एवढीच तिची तक्रार होती.

बैठकीत पहिली हरकत अर्थातच महादेवरावांनी घेतली. बेथलेहेमात त्या रात्री बर्फ पडल्याचं शास्त्रात कुठे लिहिलंय, असं त्यांनी विचारलं. मेंढपाळ रानात उघड्यावर राहत होते, म्हणजे हवा चांगलीच असणार. महादेवराव नाटकात गेली बारा वर्षं ज्येष्ठ मेंढपाळाचं काम करत होते, त्यामुळे मेंढपाळांच्या सोयीगैरसोयीवर त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. पाळकसाहेबांनी बराच विचार केला, बिस्किट चहात बुडवलं आणि निर्णय दिला, "बर्फ पडला असं लिहिलेलं नाही. पण पडला नाही असंही लिहिलेलं नाही."

महादेवरावांनी वही काढली आणि लिहिलं, 'बर्फ. जबाबदारी शमुवेल पाटोळे.' मंडळीच्या वहीत शमुवेलरावांचं नाव पहिल्यांदाच येत होतं. ते त्यांनी उलट्या बाजूनेच दोनदा वाचलं.

घरी येताना बायकोने, रेखाबाईंनी, त्यांना आठवण करून दिली की घरातला कॅलेंडरचा खिळा त्यांना चार महिन्यांत ठोकता आलेला नाही. रेखाबाई जाब्रियाच्या इस्पितळात सिस्टर होत्या, शमुवेलराव त्याच इस्पितळात हाडांच्या विभागात प्लास्टर टेक्निशियन. शमुवेलराव म्हणाले, आपण बोललो ते सहज बोललो, सोमवारी फोन करून नाही म्हणून सांगू. पण मागच्या सीटवरून अक्षदाने विचारलं, "पपा, रिअल स्नो? आय विल टेल मिस." आणि शनिवारी तिने मिसला, मिसने वर्गाला आणि वर्गाने व्हॅनच्या ड्रायव्हरला सांगून टाकलं की पाटोळे बर्फ पाडणार आहेत. मागे फिरायचा रस्ता बंद झाला. आता बर्फ पडला नाही तर शमुवेलराव पोरीच्या देखतही नुसते 'शमुवेल, खुर्च्या' उरणार होते.

बर्फ म्हटला की कापूस, हे शमुवेलरावांनाही सुचलं. प्लास्टरच्या आत गुंडाळायचा मऊ कापूस त्यांच्या हाताखालूनच रोज जाई, पण माणूस सरळ. न विचारता एक रोलही घरी नेणार नाही. म्हणून ते स्टोअरमध्ये गेले. स्टोअर सांभाळणारे कमाल हे इजिप्तचे गृहस्थ. त्यांनी चहा दिला, मुलीची चौकशी केली आणि विचारलं, पेशंटचा फाइल नंबर काय? पेशंट नाही म्हटल्यावर ते म्हणाले, पेशंट नाही तर कापूस नाही. शमुवेलरावांनी मोडक्या अरबीत, हाताची बोटं वरून खाली नाचवत, बर्फाचं समजावलं. कमालसाहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतः अर्ज लिहून दिला. मात्र अर्जावर विभागप्रमुखांची सही हवी, सहीवर शिक्का हवा, आणि शिक्का ज्यांच्याकडे असतो ते गृहस्थ उद्या येणार. दोन दिवस ते उद्याच येत राहिले. तिसऱ्या दिवशी ते खरोखरच आले आणि शिक्का बसला. तो अर्ज अजून शमुवेलरावांच्या संग्रही आहे. त्यात पेशंटच्या नावापुढे 'बर्फ', वयापुढे रेघ आणि आजारापुढे 'नाताळ' असं अरबीत लिहिलेलं आहे.

एवढं होऊन कापूस मिळाला नाहीच. कापसाची इस्पितळालाच चणचण होती. पण कमालसाहेबांना रिकाम्या हाताने माणूस पाठवणं जिवावर आलं. मुदत उलटलेल्या प्लास्टरच्या पट्ट्यांची सहा खोकी कोपऱ्यात पडली होती, ती त्यांनी शमुवेलरावांच्या गाडीत भरून दिली. पट्टी हातात धरून झटकली की पांढरीशुभ्र भुकटी तरंगत खाली येई. शमुवेलरावांनी एक पट्टी गाडीशेजारी उभं राहून झटकून पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. भुकटी डोळ्यात गेली होती हेही एक कारण होतं.

मंगळवारी पाटोळ्यांच्या दोन खोल्यांत बर्फवृष्टी सुरू झाली. बापलेक पट्ट्या झटकत होते. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, गाद्या पांढऱ्या. ड्युटीवरून आलेल्या रेखाबाई दारातच थांबल्या आणि आपण चुकून दुसऱ्या कुणाच्या घरात आलो की काय म्हणून पाटी वाचून आल्या. बर्फ तरंगतो कसा ते पाहायला शमुवेलरावांनी टेबलफॅन लावला. फॅनने बर्फ उचलला आणि खिडकीतून खालच्या गॅलरीत नेऊन टाकला.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीचे मजीदभाई राहत. रस्त्यावर त्यांचं किराणाचं दुकान होतं. त्यांच्या तबस्सुमभाभींनी नुकतेच कपडे धुऊन वाळत घातले होते आणि शेजारी मुलखातून आलेले सुक्या कोळंबीचे सोडे उन्हात पसरले होते. मजीदभाई वर आले. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा पायजमा होता, आणि तो न धरता उभा राहत होता.

"पाटोळे, सालभर माझी बायको काला धुतेय," ते शांतपणे म्हणाले. "आता पांढरा धुवायचा काय?"

शमुवेलरावांनी माफी मागून सगळी हकीकत सांगितली. ती ऐकल्यावर मजीदभाईंनी पायजमा कोपऱ्यात उभा केला आणि खुर्ची ओढून घेतली. कोकणी माणूस अडचणीत सापडलेल्या माणसाला सल्ला दिल्यावाचून जाऊ देत नाही. बर्फ हवा तर बर्फच आणायचा, ही भुकटी कशाला? फहाहीलच्या मासळी बाजारात त्यांचा साडू बर्फ फोडायच्या मशीनवर होता. पोतीच्या पोती आणून टाकतो म्हणाले. शमुवेलरावांनी भीतभीत विचारलं की त्याला पापलेटाचा वास नाही का येणार? मजीदभाई म्हणाले, "गोठ्यात वास नको काय? गाय आहे, गाढव आहे, त्यांना चालतो, तुमच्या मंडळीला नाय चालत?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे डॉक्टर शैलेश आपटे खाली आले. हे पुण्याचे, आणि दोन हिवाळे एडिंबराला काढून आलेले. त्या इमारतीत खरा बर्फ पाहिलेला माणूस हा एकच, आणि ही गोष्ट ते उन्हाळ्यातही कुणाला विसरू देत नसत. त्यांनी शमुवेलरावांना एक पट्टी झटकायला लावली, मान तिरकी करून पाहिलं आणि सांगितलं की हे पीठ आहे. बर्फाला अंग असतं, पाकळी असते. तो खाली यायला वेळ घेतो, त्याला घाई नसते. तुमचा बर्फ बस पकडायला निघाल्यासारखा पडतोय. यात थर्मोकोल किसून मिसळा.

हा सल्ला मात्र कामाचा निघाला. लुटीत सगळ्यांचेच टीव्ही गेले होते, आणि त्या हिवाळ्यात जो तो नवा टीव्ही आणत होता. त्यामुळे कुवेतात धान्य एक वेळ कमी मिळेल, पण थर्मोकोल म्हणाल तेवढा. मजीदभाईंनी दुकानामागून आणला, डॉक्टरांनी आपल्या टीव्हीचा दिला, आणि बुधवारी सगळे मिळून रेखाबाईंच्या किसणीवर थर्मोकोल किसत बसले. पाकळी केवढी असावी यावर डॉक्टरांची देखरेख होती. तबस्सुमभाभींनी पायजम्याचं मनात न ठेवता चहा पाठवला.

गुरुवारी रेखाबाईंनी नाताळचा फराळ करायला घेतला. लाडू झाले, शंकरपाळ्या झाल्या, करंज्यांसाठी मैदा भिजवला. मोहन घालून, मळून, झाकून त्या सारण भाजायला वळल्या. पाच मिनिटांनी परातीला हात लावला तर पीठ कोमट लागलं. रेखाबाईंनी पंधरा वर्षं नर्सिंग केलं होतं. भिजवल्यावर आपणहून गरम होणारी पांढरी वस्तू जगात कोणती, हे त्यांना ओळखायला क्षणही लागला नाही. मैद्याच्या डब्याशेजारी शमुवेलरावांनी अगदी तसाच डबा भरून ठेवला होता.

त्या ओरडल्या नाहीत. परात तशीच उचलून नवऱ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, हिचा हात मोडलाय. काढा प्लास्टर."

शमुवेलरावांनी मुकाट्याने प्लास्टर कापायची मोठी कातरी काढली आणि परात मोकळी केली. ही कातरी नंतर लागेल म्हणून त्यांनी ती कोटाच्या खिशातच ठेवली. म्हणजे दोरी कापायला लागेल, एवढंच तेव्हा त्यांच्या मनात होतं.

शुक्रवार उजाडला तो पावसाने. शहरातल्या चर्चच्या आवारात एकच हॉल आणि त्यावर अनेक भाषांच्या मंडळ्या. मराठीची वेळ दोन ते चार. आधी मल्याळी, नंतर फिलिपिनो. मल्याळी मंडळीचं शेवटचं गाणं लांबलं आणि पाटोळ्यांना चादर बांधायला बारा मिनिटं मिळाली. योजना साधी होती. रंगमंचाच्या वर दोन खिळ्यांवर चादर ताणायची, तिला भोकं पाडलेली, आत बर्फ. पडद्यामागे शिडीवर उभं राहून दोरी हळूहळू हलवायची, की बर्फ भुरभुरायला लागतो. घरी खिळा न ठोकता येणाऱ्या माणसाने इथे दोन खिळे ठोकले. एक बरा बसला.

हॉलचं छप्पर वर्षभर कुणी पाहिलं नव्हतं. ते गळत होतं, आणि नेमकं गव्हाणीच्या समोर, जिथे ज्येष्ठ मेंढपाळ गुडघे टेकतात तिथे, पाण्याचं छोटंसं तळं साचलं होतं. मेंढपाळांना कपडे बदलायला आत जागा नसल्याने ते बाहेरच्या शेडमधून पावसातून पळत आले. महादेवरावांच्या अंगावर नगरहून आणलेली घोंगडी होती आणि हनुवटीला कापसाची भलीमोठी दाढी. दोन्हीतून पाणी गळत होतं.

नाटक सुरू झालं. मरिया आली, योसेफ आला, धर्मशाळेत जागा नव्हती. अक्षदा देवदूत होती. बांबूचे पंख लावून ती स्टुलावर उभी राहिली, पण मेंढपाळांना सांगायचं वाक्य न सांगता नुसती वर बघत राहिली. शमुवेलरावांनी शिडीवरून ते पाहिलं आणि दोरी हलवली.

बर्फ पडला.

खरोखर पडला. सावकाश, घाई न करता, पाकळीपाकळीने. धुराने काळ्या पडलेल्या त्या भिंतींसमोर तो इतका पांढरा दिसला की एकोणीस घरांतला एकही माणूस खोकला नाही. कुणीतरी "प्रभू" एवढंच म्हणालं. तिसऱ्या रांगेत मुद्दाम आलेले डॉक्टर आपटे शेजारच्या मजीदभाईंना हळूच म्हणाले, बरोबर पडतोय.

पंधरावीस सेकंद शमुवेलराव पाटोळे कुवेतातले सर्वांत सुखी गृहस्थ होते. मग दुसरा खिळा निघाला.

चादरीतला उरलेला सगळा बर्फ, म्हणजे सुमारे पाच खोक्यांचा, एकदम खाली आला. खाली महादेवराव तळ्यात गुडघे टेकून भाषणाला सुरुवात करत होते. हे भाषण त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं आणि ते अकरा मिनिटांचं होतं. धुरळा बसला तेव्हा जिथे मेंढपाळ होता तिथे एक पांढरा ढीग होता, आणि ढिगातून भाषण येत होतं. महादेवराव थांबले नाहीत. बारा वर्षांत ते कधीच थांबले नव्हते.

प्रेक्षक हसले, टाळ्याही पडल्या. एकटे शमुवेलराव शिडीवर गार पडले. ओल्या कापडावर प्लास्टर पडलं की ते घट्ट व्हायला सहा-सात मिनिटं लागतात, हे त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. भाषण थोडं लहान असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. त्यांनी पडद्याआडून महादेवरावांना उठा, उठा अशा खुणा केल्या. मागे आवाज पोचत नसावा असं वाटून महादेवरावांनी आवाज वाढवला. तिसऱ्या मिनिटाला शमुवेलरावांनी दोन्ही हात जोडले. महादेवरावांना वाटलं, माणूस भारावलाय. पाचव्या मिनिटाला दाढी जड झाली आणि शब्द दातांतल्या दातांत यायला लागले. सहाव्या मिनिटाला महादेवरावांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच समाधान पसरलं. गुडघ्यांपासून वर अशी काही ऊब चढत होती, असं त्यांनी नंतर सांगितलं, की आपल्याला आत्म्याचा स्पर्श होतोय असंच त्यांना वाटलं होतं. रेखाबाईंनी मात्र पहिल्या रांगेत डोळे मिटून घेतले. परात त्यांना आठवली होती.

मग भाषण थांबलं. महादेवरावांनी उठायचा प्रयत्न केला. घोंगडी उठेना, गुडघे उठेनात, तोंड उघडेना. बारा वर्षं मंडळीला धाकात ठेवलेल्या त्या माणसाचे डोळे पहिल्यांदाच गोंधळून इकडेतिकडे फिरायला लागले. हॉलमधलं हसू थांबलं.

तेव्हा स्टुलावरच्या देवदूताला आपलं राहून गेलेलं काम आठवलं. मेंढपाळाला घाबरू नकोस म्हणून सांगायचं होतं. पाठ केलेलं मराठी वाक्य काही केल्या आठवेना, म्हणून अक्षदा खाली उतरली, महादेवरावांच्या पांढऱ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "डोन्ट बी अफ्रेड, अंकल. माय पपा कट्स इट एव्हरी डे."

शमुवेलराव शिडीवरून उतरले. घोंगडीशी पोचेपर्यंत त्यांच्यात काय बदललं ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण खिशातून कातरी निघाली तेव्हा ते खुर्च्या लावणारे शमुवेल नव्हते. प्लास्टर रूममधले पाटोळे होते, ज्यांच्यापुढे भलेभले ओरडणारे पेशंट गप्प बसतात.

"हलू नका," ते म्हणाले.

महादेवराव हलले नाहीत. तसं ते शमुवेलरावांचं पहिल्यांदाच ऐकत होते. आधी दाढी मोकळी झाली. तोंड उघडताच महादेवराव एवढंच बोलले, "घोंगडी गावाकडची आहे रे. आईच्या हातची."

"कापत नाही," शमुवेलराव म्हणाले.

आणि त्यांनी ती कापली नाही. लहान पोराच्या पायावरचं प्लास्टर काढावं तसं काठाकाठाने, कातरी आडवी धरून, एकेक खपली उचलत त्यांनी ती घोंगडी सोडवली. खपल्या जमिनीवर पडलेल्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होत्या. शेवटी दोन गुडघ्यांच्या दोन गोल वाट्या तेवढ्या जमिनीवर उरल्या, आणि महादेवराव त्यांतून उठून उभे राहिले. टाळ्या वाजल्या त्या कुणासाठी, हे दोघांनीही विचारलं नाही.

चार वाजून गेले होते. दारात फिलिपिनो मंडळी ताटकळत उभी होती. पाळकसाहेब माफी मागायला पुढे झाले, पण त्या लोकांनी पांढरी जमीन पाहिली आणि ते ओरडतच आत शिरले. त्यांनी फोटो काढले, पोरांनी मुठी भरून घेतल्या, कुणीतरी गिटार काढली. बर्फ झाडू नका, तसाच ठेवा, असं त्यांनी विनवून सांगितलं. दोन्ही मंडळ्यांनी मिळून शंकरपाळ्या खाल्ल्या. करंज्या नव्हत्या. का नव्हत्या ते रेखाबाईंनी सांगितलं नाही.

शमुवेलराव सवयीने खुर्च्यांकडे वळले तर खुर्च्या भिंतीला लागलेल्या होत्या. शेवटची खुर्ची ठेवून महादेवराव हात झाडत होते. त्यांनी वही काढली, बर्फाच्या नोंदीपुढे 'पडला' असं लिहिलं, थोडं थांबून नावापुढे 'राव' जोडलं आणि वही मिटली. पुढच्या वर्षी भाषण सहा मिनिटांच्या आत बसवणार असल्याचंही त्यांनी बोलून दाखवलं. मंडळीच्या दृष्टीने त्या आठवड्यातला मोठा चमत्कार हाच.

रविवारी संध्याकाळी अक्षदा जेवणाच्या टेबलावर चित्र काढत बसली होती. शमुवेलराव मागे जाऊन उभे राहिले. चित्रात हॉल होता, पंख होते, पांढऱ्या ढिगातून बाहेर आलेलं एक नाक होतं आणि शिडीवर कातरी घेतलेला, शिडीपेक्षा मोठा माणूस. नवा काळा खडू शेजारी तसाच, टोकदार, पडलेला होता. हॉलच्या वरचा सगळा कागद कोरा होता.

"आकाश राहिलं का गं?" त्यांनी विचारलं.

अक्षदाने मान वर केली नाही. बापाला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"झालंय की पपा," ती म्हणाली. "स्नो पडतोय ना."